बायपास, विहीर आणि माझे नऊ मीटर

आमच्या शहराला वळसा घालून जाणाऱ्या बायपासवर, रेल्वेच्या पुलाच्या अलीकडे एक मोठे वळण आहे. मी मोजणी खात्यात आहे हे कळले की लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही माणसे मला विचारतात, "तिथं रस्ता काऊन वाकवला जी? कोणाचं वावर वाचवलं?" विचारणाऱ्याकडे उत्तर तयारच असते. कोणी पुढाऱ्याच्या साळ्याचे नाव घेतो, कोणी म्हणतो, एका म्हातारीच्या विहिरीसाठी रस्ता वाकवला.

खरे कारण फार साधे आहे. रेल्वेवरून पूल न्यायचा तर तो रुळांना होईल तितका काटकोनात न्यावा लागतो. तिरका नेला की पूल लांबतो. आमचा रस्ता रुळांकडे तिरका येत होता, म्हणून तो आधी वाकवला आणि मग सरळ पुलावर चढवला. हे सांगितले की समोरच्याचा चेहरा पडतो. पुढाऱ्याचा साळा जाऊन त्या जागी काटकोन आलेला कोणालाच आवडत नाही.

म्हातारीची विहीर मात्र खरी आहे. तिच्यासाठी रस्ता वाकला नाही, पण तिच्या बाबतीत एक रेघ वाकडी गेली होती आणि ती माझ्या हातची होती. एकोणतीस वर्षे मोजणी करतो आहे. बरोबर आलेल्या मोजण्या लिहून काढल्या तर वाचणाऱ्याला झोप येईल. म्हणून ही एक चुकलेली लिहितो.

आधी रस्त्याविषयी. नोकरीला लागलो तेव्हा आमच्या कार्यालयात भिंतीवर तालुक्याचा एक नकाशा होता. त्यावर कोणीतरी लाल पेन्सिलीने शहराभोवती अर्धगोल काढून ठेवला होता. ती वळणरस्त्याची पहिली रेघ. तेव्हा नागपूरकडून देवळीकडे जाणारा प्रत्येक ट्रक शहराच्या पोटातून जायचा आणि शाळा सुटायच्या वेळी चौकात उभा राहून धूर सोडायचा. लाल रेघ शहराला फार चिकटून होती. फायली फिरेपर्यंत शहरच तिच्यावर जाऊन बसले, तिथे वसाहती झाल्या. मग निळी रेघ आली. ती नाल्याच्या पात्रात दोनदा उतरत होती, म्हणून गेली. शेवटी हिरवी आली. ही नागपूर रस्त्यावरून सुटते, आर्वीचा रस्ता ओलांडते, आंजीकडे जाणारी वाट कापते, रेल्वेवरून चढते-उतरते आणि देवळीच्या रस्त्याला मिळते. तीच बांधली गेली. लाल रेघ पाहिली तेव्हा माझे केस काळे होते. हिरव्या रेघेवर डांबर पडले तेव्हा मी चष्म्याचा दुसरा नंबर वापरत होतो.

आता आमचे काम. रस्ता कुठून जाणार हे आम्ही ठरवत नाही. ते रस्तेवाले ठरवतात आणि जमिनीवर खुंट्या ठोकून देतात. आम्ही जातो ते त्या दोन खुंट्यांच्या ओळींमध्ये कोणाचे किती वावर सापडले हे सांगायला. त्यासाठी प्रत्येक शेताची हद्द आधी जमिनीवर दाखवावी लागते. ती हद्द गावाच्या जुन्या नकाशावर असते. शिवेवरचा एखादा पक्का दगड धरायचा, नकाशावर त्या दगडापासून धुऱ्यापर्यंत किती अंतर आहे ते पट्टीने घ्यायचे आणि तितकेच जमिनीवर मोजून तिथे खूण करायची. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. आता तिपाईवरचे यंत्र आहे, ते सेंटिमीटरपर्यंत बोलते. पण यंत्राला काय मोजायचे हे कागदच सांगतो. कागद चुकीचा वाचला तर यंत्र ती चूक अगदी अचूक करून देते.

या मोजणीला गाव जमते. एक गृहस्थ खूण त्यांच्या बाजूने पडली की चहा मागवायचे आणि शेजाऱ्याच्या बाजूने पडली की "दूध फाटलं" म्हणायचे. एका दिवसात त्यांचे दूध तीनदा फाटले. दुसरे एक जण रोज येऊन मला विनवायचे, "साहेब, रस्ता माह्या भावाच्या वावरातून घ्या न." मला वाटले, भावाचे भले व्हावे अशी इच्छा दिसते. चौकशी केली तर तसे नव्हते. भावाच्या घरासमोरून दिवसरात्र ट्रक जावेत एवढीच त्यांची इच्छा होती. अशा वेळी मी पट्टीकडे पाहतो. पट्टीला भाऊ नसतो.

माझ्यासोबत हरिभाऊ असायचे. साखळी ओढण्यात त्यांचा जन्म गेला. साखळी जाऊन यंत्र आले तरी खात्यातले त्यांचे नाव साखळीवालेच राहिले. बोलणे कमी, पण बोलले की लागेल असे.

आंजीच्या वाटेवर एक मौजा आहे. तिथे बायपासची पट्टी दोन शेतांच्या डोक्यावरून जात होती. एक शेत वामनरावांचे. घराणे जुने, गावात मान. त्याला लागून कौतिकाबाईंचे. कौतिकाबाई सत्तरीच्या, नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली, मुलगी आर्वीला शिक्षिका. शेत स्वतः करतात. धुऱ्याजवळ त्यांची विहीर होती, दगडी बांधणीची, आठ हात रुंद. काठावर पंचशील ध्वजाचे रंग फिकट झालेले दिसत होते.

मी यंत्र लावत होतो तेव्हा कौतिकाबाईंनी विहिरीची गोष्ट सांगितली. मी विचारली नव्हती.

"माह्या सासऱ्यानं खणली हे. छप्पन साली दीक्षा घेऊन आले आन् दुसऱ्या उन्हाळ्यात कुदळ मारली. गावच्या विहिरीवर तवा आम्हाले चढू देत नोयते. तं सासरा म्हणे, कोणाले पानी मागाचं नाई, आपलं काढाचं. तीन भाऊ आन् त्याईच्या बायका. सुरुंग नाई, गोटे वढाले यारी नाई. टोपल्यानं माती काढली."

"किती फुटांवर पाणी लागलं?" मी विचारले. मला आकडा लागतो.

"एक्केचाळीस," त्या लगेच म्हणाल्या. अशी माणसे मला आवडतात.

मोजणीला सुरुवात केली. तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड सापडला होता, त्याच्यापासून निघालो. नकाशावर त्या दगडापासून या दोन शेतांच्या धुऱ्यापर्यंत साडेबावीस सेंटिमीटर अंतर होते. पट्टीने नऊशे मीटर दाखवले. दगडाकडून आधी वामनरावांचे शेत लागते, मग धुरा, मग कौतिकाबाईंचे. जमिनीवरचा धुरा काही वर्षांपूर्वी ट्रॅक्टरखाली सपाट झाला होता, गवताची एक ओळ तेवढी उरली होती. यंत्रावर नऊशे मीटर भरले तिथे मी हरिभाऊंना थांबवले. ते विहिरीच्या पलीकडे उभे होते.

विहिरीचा मध्य आठशे पंचाण्णववर होता. म्हणजे हद्द विहिरीच्या पाच मीटर पुढे. म्हणजे विहीर वामनरावांच्या शेतात.

नियम असा आहे की मनाने फरक सोडायचा नाही, दोन्ही रेघा दाखवायच्या. आज कोण कुठपर्यंत वाहतो ती तुटक रेघ आणि नकाशाची सरळ रेघ. दोन्हींच्या मधल्या जागेवर एक शब्द लिहायचा असतो. मी तो लिहिला आणि वाचून दाखवला. तो शब्द 'अतिक्रमण'.

कौतिकाबाईंनी तो दोनदा म्हणायला लावला. मग म्हणाल्या, "म्हंजे माह्या सासऱ्यानं दुसऱ्याच्या वावरात विहीर खणली म्हंता तुमी? चोरून?"

"बाई, मी तसं म्हणत नाही. नकाशा म्हणतो."

"नकाशा कोणाच्या घरचा हाय?"

 मी वामनरावांकडे पाहिले. ते पंचाहत्तरीचे. धोतराचा सोगा हातात धरून विहिरीकडे पाहत उभे होते. त्यांचा मुलगा प्रशांत मात्र पुढे झाला.

"काकू, आता कागदच तसा हाय तं साहेब काय करतीन?" तो म्हणाला. "आमी काय तुमचं घेऊन नाई राह्यलो. आमचं होतं थे आमाले भेटून राह्यलं."

प्रशांतचे बोलणे एका ढाबेवाल्याशी चालू होते, हे सगळ्या गावाला माहीत होते. बायपास झाला की पट्टीलगतचा तुकडा ढाब्याला द्यायचा. त्या तुकड्यात बांधलेली विहीर आली तर ढाबेवाल्याला हवीच होती, अन् नको तर बुजवून वर ट्रक उभे करायला जागा होती.

"वामनभाऊ," कौतिकाबाई म्हणाल्या, "तुमी बोला न. तुमाले माईत हाय न?"

वामनराव म्हणाले, "नकाशा सांगते थे सांगते." आणि घराकडे चालू लागले.

पंचनाम्यावर सही करायची वेळ आली. कौतिकाबाईंनी पेन घेतले, झाकण लावले आणि मला परत दिले. "मले सई येते. पन मी करत नाई. तुमी मोजलं, तं तुमीच परत मोजा."

मी त्यांना अपिलाचा रस्ता सांगितला, अर्ज कुठे द्यायचा ते सांगितले. हे सगळे मी फार व्यवस्थित सांगितले. गाडीत बसल्यावर हरिभाऊ म्हणाले, "साहेब, दुसरीकडून नाई मोजलं आपण."

"पलीकडच्या शिवेवरचा दुसरा दगड सापडला नाही ना हरिभाऊ. 'आढळून आला नाही' असं लिहिलंय मी."

"पाहिला कुठं?" हरिभाऊ म्हणाले. "पराटी उभी होती म्हून आपण धुऱ्यावरूनच पलटलो. नाई भेटला आन् नाई पाहिला, याच्यात फरक हाय."

मोजणीचा पहिला धडा असा आहे की एका बाजूने मोजलेले अंतर म्हणजे अंदाज, दोन्ही बाजूंनी जुळले तर मोजणी. हा धडा मी नव्या लोकांना शिकवतो. त्या दिवशी पराटीत, म्हणजे उभ्या कपाशीत, शिरायचा कंटाळा आला होता.

पुढचे आठ दिवस मी कागदावर काम केले. बायपासच्या पट्टीत येणारी सगळी शेते नकाशावर मोजायची, त्यांचे क्षेत्र काढायचे आणि सातबाऱ्यावरच्या क्षेत्राशी मेळ घालायचा. थोडा फरक नेहमी येतो. कुठे थोडे जास्त, कुठे थोडे कमी, त्याला आम्ही घाबरत नाही. या गावाचे नकाशे दोन कागदांवर होते. पहिल्या कागदावरची शेते अशीच थोडी इकडे थोडी तिकडे आली. दुसऱ्या कागदावरची घेतली. सातबाऱ्यावर एक हेक्टर बासष्ट आर, माझे आले एक पासष्ट. पुढचे दोन हेक्टर तीन, माझे दोन सात. मग अठ्ठ्याण्णव आर, माझे पूर्ण एक हेक्टर. शेवटचे तीन अकरा, माझे तीन सतरा.

मी पेन खाली ठेवले. चारही जास्त होती आणि चारही शेकड्याला दोनच्या आसपासच जास्त होती. एखादे शेत चुकले तर चूक शेताची असू शकते. सगळी शेते एकाच दिशेने आणि एकाच हिशेबाने चुकली, तर चूक मोजणाऱ्याची असते. क्षेत्रात शेकडा दोन म्हणजे लांबीत शेकडा एक. नऊशे मीटरला शेकडा एक म्हणजे नऊ मीटर.

मी तो दुसरा कागद खिडकीच्या उजेडात धरला. फार जुना, मागून कापड चिकटवलेला. कोपरा फाटला होता म्हणून कधीकाळी कोणीतरी त्यावर कागदाची चकती डकवली होती. उजेडात चकतीखालची अक्षरे दिसली. सोळा इंच म्हणजे एक मैल.

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगतो. नवे नकाशे असे असतात की कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे चाळीस मीटर. जुने इंच-मैलांचे होते, त्यांत एक सेंटिमीटर म्हणजे एकोणचाळीस मीटर साठ सेंटिमीटर. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. या गावाचा पहिला कागद नव्याने काढलेला होता, दुसरा जुनाच राहिला होता. दोघांना मिळून एकच वेष्टन होते आणि वेष्टनावर नवे प्रमाण लिहिले होते. मी वेष्टन वाचले आणि दोन्ही कागदांवर एकच पट्टी ठेवली. साडेबावीस सेंटिमीटर म्हणजे नऊशे मीटर नव्हेत, आठशे एक्क्याण्णव. विहीर आठशे पंचाण्णववर. म्हणजे हद्द विहिरीच्या चार मीटर अलीकडे होती. सासऱ्याने विहीर स्वतःच्याच वावरात खणली होती. हद्दीपासून अंतर सोडून, रीतसर.

त्या दिवशी घरी गेलो तर जेवण गेले नाही. आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "काय झालं?" मी सांगितले. त्यांनी सगळे ऐकले. वीस वर्षांपूर्वी स्वयंपाकघराचा ओटा बांधताना मी गवंड्याला पाऊण इंचावरून दोन दिवस थांबवून ठेवले होते, ते त्या विसरलेल्या नाहीत. "पाऊण इंचासाठी मला चुलीवर रांधायला लावलं," त्या म्हणाल्या, "आणि त्या बाईची विहीर वेष्टन वाचून देऊन टाकली?"



सकाळी आमच्या कार्यालयाच्या साहेबांसमोर उभा राहिलो. नकाशा दाखवला, चारही क्षेत्रे दाखवली. साहेब भले होते. म्हणाले, "गणित पटलं. पण उद्या प्रशांत वकील आणेल आणि म्हणेल, आधी नऊशे म्हणाले, आता आठशे एक्क्याण्णव म्हणतात, परवा आणखी काही म्हणतील. जमिनीवर पुरावा दाखवा. दुसरा दगड शोधा. आणि चूक लिहून द्या."

लिहून दिली. 'मी चुकीचे प्रमाण वापरले. दुसऱ्या दगडाचा शोध घेतला नव्हता, तरी आढळून आला नाही असे लिहिले.' दोनच वाक्ये, पण दुसरे लिहायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला. त्यावर मला कारणे दाखवा नोटीस आली. ती बरोबरच होती.

दुसरा दगड नकाशाप्रमाणे धुऱ्यापासून साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे जमिनीवर चारशे पंच्याण्णव मीटर, कौतिकाबाईंच्या शेताच्याही पलीकडे, शिवेवर असायला हवा होता. दोन्ही शेतमालकांना नोटीस देऊन आम्ही पुन्हा गेलो. कपाशी उपटून झाली होती. शिवेवर एक जुना निंब, त्याखाली छोटा ओटा, ओट्यावर देव. बाकी ढेकळे. हरिभाऊंनी सब्बलीने जागा जागा ठोकून पाहिली. कौतिकाबाई थोड्या अंतरावर उभ्या होत्या. त्या रोज विहिरीवर येऊन बसतात, असे गावातून कळले होते. 

दोन तास झाले. मी मनात 'आढळून आला नाही' हे पुन्हा लिहायची तयारी करू लागलो. आता ते खरे असणार होते आणि त्याचा उपयोग कोणालाच नव्हता.

तेवढ्यात वामनराव आले. एकटेच. हातात नारळ. थेट निंबाखाली गेले आणि ओट्यावर बसले.

"मोजणीवाले साहेब," ते म्हणाले, "इकडं या. तुमचा गोटा हा हाय."

ते देवाकडे बोट दाखवत होते. शेंदराचे इतके थर की दगडाला आकारच राहिला नव्हता.

"शिवेचा देव हाय आमचा. माह्या आज्यापासून पेरणीच्या आंधी नारळ फोडतो. खालून गोटाच हाय तो. आजा सांगे, इंग्रजाचा मानूस येऊन रोवून गेलता."

मी म्हणालो, "वामनराव, त्यावर छिन्नीची फुली असेल तरच मला तो धरता येईल. म्हणजे शेंदूर काढावा लागेल." हे म्हणताना मी एक पाऊल मागे सरकलो होतो. शिवेवरच्या देवाला हात लावणारा मोजणीदार गावातून कसा परत जातो, हे मी ऐकून होतो.

हरिभाऊंनी सब्बल खाली ठेवली. "माह्याकडं पाहू नका," ते म्हणाले.

वामनरावांनी नारळ फोडला. हात जोडून थोडा वेळ थांबले. मग नारळाच्या करवंटीच्या तुकड्याने स्वतःच शेंदूर खरवडू लागले. थर पापुद्र्यांसारखे निघत होते, वरचे लाल, खालचे काळपट. बराच वेळ गेला. शेवटी दगडाचा माथा उघडा पडला. दोन रेघांची फुली, बोटभर लांब, कालच कोरल्यासारखी.

कौतिकाबाई जवळ आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वामनभाऊ, तुमच्या घरच्याईले काय सांगसान आता?"

"सांगीन. देवाची आंघोळ केली म्हून सांगीन." ते उठले, पण गुडघ्याला हात देऊन तसेच उभे राहिले. "कौतिकाबाई, मले माईत होतं. लायनपनी मी आपल्या धुऱ्यावर ढोरं चारली. दुष्काळात आमची विहीर आटली, अर्ध्या गावाची आटली. तवा गाव तुमच्या विहिरीवर गेलतं. माही माय घागर घेऊन गेलती. तुमच्या सासऱ्यानं नाई म्हटलं नाई. वरून दोर त्यानंच धरला. त्या दिवशी मोजनीत मी चूप बसलो. पोराकडं पाहून बसलो."

कौतिकाबाईंनी एकदा फुलीकडे आणि एकदा विहिरीकडे पाहिले. मग म्हणाल्या, "तुमचा देव उघडा पडला, माही विहीर उघडी पडली. मोजा आता, साहेब. ऊन तापून राह्यलं."

यंत्र फुलीवर लावले. पाण्याचा बुडबुडा नेमका मध्ये आणला. जुन्या कागदावर दोन दगडांमध्ये पस्तीस सेंटिमीटर होते, म्हणजे जमिनीवर तेराशे शहाऐंशी मीटर. यंत्राने दाखवले तेराशे शहाऐंशी मीटर वीस सेंटिमीटर. लोखंडी साखळीने उन्हातान्हात ओढलेल्या मोजणीला एवढे वीस सेंटिमीटर मी आनंदाने माफ केले. माझ्या चुकीच्या पट्टीने हेच अंतर चौदाशे आले असते. पहिल्याच दिवशी त्या कपाशीत शिरलो असतो, तर चौदा मीटरची फट तोंड वासून समोर दिसली असती.

मग चारशे पंच्याण्णव मीटरवर हरिभाऊंना थांबवले. ते विहिरीच्या अलीकडे, गवताच्या त्या ओळीवर अगदी नेमके उभे होते. त्यांनी पायाखाली पाहिले आणि पहिल्यांदाच हसले. "साहेब," ते म्हणाले, "गवताले माईत होतं."

पंचनाम्यावरून तो शब्द गेला. वामनरावांनी सही केली. प्रशांत दुपारी आला, फुली पाहिली, बापाकडे पाहिले आणि सही करून गेला. कौतिकाबाईंनी पेनाचे झाकण काढले, पूर्ण नाव लिहिले, सासऱ्याच्या नावासकट. रकान्यात तेवढी जागा नव्हती. मी समासात लिहू दिले.

त्या रात्री मी चांगला जेवलो. पण काम संपले नव्हते. त्याच पट्टीने मी आधी अकरा गावे मोजली होती. सुटीचे दिवस घालवून त्या अकराही गावांचे कागद उजेडात धरून पाहिले. सगळ्यांवर नवेच प्रमाण होते. शेवटचा कागद गुंडाळला तेव्हा मी कार्यालयात एकटाच होतो आणि मोठ्याने "हुश्श" म्हणालो. तेव्हापासून हातात कागद आला की मी आधी त्याचा कोपरा वाचतो. लग्नपत्रिकासुद्धा. घरचे हसतात.

एका गोष्टीची रुखरुख मात्र आहे. सत्तर वर्षांच्या बाईने दुसऱ्या मोजणीपर्यंतचे सगळे दिवस स्वतःच्या विहिरीवर बसून आपला सासरा चोर नव्हता हे स्वतःलाच समजावले. ते दिवस कोणत्याही पट्टीने परत मोजून देता येत नाहीत.

आता बायपास सुरू आहे. ट्रक शहरात येत नाहीत, शाळेसमोरच्या चौकात पोरे रस्ता ओलांडताना धावत नाहीत. रस्त्याच्या कडेला प्रशांतचा ढाबा झाला, स्वतःच्या तुकड्यावर. त्याने बोअर मारले, पाणी मचूळ लागले. पिण्याचे पाणी तो कौतिकाबाईंच्या विहिरीवरून नेतो. मी त्यांना एकदा विचारले, देता का म्हणून. "पानी काऊन नाई देऊ?" त्या म्हणाल्या. "दोर मातर त्याचा त्यालेच वढाले लावतो."

देवळीकडे काम निघाले की मी तिथे गाडी थांबवतो. धुऱ्यावर आता आम्ही बसवलेला नवा दगड आहे. त्याच्यापासून विहिरीच्या मध्यापर्यंत चार मीटर, त्यातून विहिरीची अर्धी रुंदी वजा केली तर माझी पावले तीनच बसतात. मी ती दर वेळी टाकून पाहतो. मागच्या महिन्यात टाकत होतो तर कौतिकाबाई तुरीतून डोके वर काढून ओरडल्या, "काय जी साहेब, सरकली काय?"

"नाही बाई. आहे तिथंच आहे."

"मंग या, च्या घ्या. दूध फाटलं नाई आज."

ती गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नव्हती. हरिभाऊंनी सांगितली असणार.